प्लितवित्सेला ग्रुपने जाताय तर दोन नंबरच्या गेटने जा

तुम्ही विचारलंय की क्रोएशियाच्या राजधानीतून, झाग्रेबहून, स्टुडंट्सचा ग्रुप एका दिवसात प्लितवित्से, म्हणजे तिथलं तळ्यांचं आणि धबधब्यांचं नॅशनल पार्क, करून येऊ शकतो का, आणि कुठल्या गेटने जावं. होतं की आरामात, बसने जेमतेम दोन-अडीच तास लागतात, फक्त सकाळची पहिली बस पकडा.

बहुतेक जण एक नंबरच्या गेटने शिरतात कारण ७८ मीटरचा तो मोठा धबधबा, वेलिकी स्लाप, तिथून जवळ आहे, मग तिथे फोटोसाठी ही गर्दी आणि अर्धे लोक तिथूनच परत फिरतात. आम्ही युनिव्हर्सिटीच्या ग्रुपबरोबर गेलो तेव्हा दोन नंबरने आत जाऊन एच रूट घेतला, म्हणजे आधी पार्कच्या गाडीने वर जायचं आणि मग तळ्यांच्या कडेकडेने पाण्यासोबत खाली उतरत यायचं, चार ते सहा तास लागतात पण चढ फारसा नाही. एकूण १६ तळी आहेत, त्यातली १२ वरच्या भागात, आणि माझ्या मते खरी मजा तिथेच आहे.

वर फळ्यांच्या वाटेवरून जाताना जरा खाली वाकून बघा, पाण्यात पडलेल्या फांद्यांवर पांढुरकं कवच चढलेलं दिसतं. पाण्यात चुना विरघळलेला असतो, ते उडत-आपटत खाली येताना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना शेवाळावर बसतो, असे थरावर थर चढून बांध तयार होतात आणि त्यामागे तळं साठतं, म्हणजे हे काम अजून चालूच आहे. म्हणूनच पोहायला सक्त मनाई आहे, ग्रुपमधल्या उत्साही मंडळींना आधीच सांगून ठेवा.

फळ्या अरुंद, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही आणि ओल्या असल्या की सटकतात, त्यामुळे चपला-बिपला नकोत. ग्रुप तर तुटणारच, कोझ्याक तळ्यावरच्या बोटीला दुपारी लाइन असते, सगळे एका बोटीत मावतीलच असं नाही. बोट जिथे उतरवते त्या पी-थ्री धक्क्याजवळ मोठं मैदान, टॉयलेट, खाण्याची सोय सगळं आहे, तिथेच भेटायचं ठरवा.

तिकीट ऑनलाइन काढा, त्यावर आत जायची वेळ ठरलेली असते. स्टुडंटला सवलत आहे पण कार्ड दाखवावं लागतं. उन्हाळ्यात रेट बराच चढा असतो, जमलं तर ऑक्टोबरात जा. आणि हो, परतीच्या बसचं तिकीट आधीच काढून ठेवा, संध्याकाळी स्टॉपवर एवढ्या जणांना एकदम जागा मिळणं अवघड आहे.