प्रेमकथेत भावनिक घालमेल लागतेच का, आणि लागत असेल तर किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडमध्ये घडणारी प्रेमकादंबरी तुम्ही लिहिताय. नायिकेला नायकाच्या फोनवर दुसऱ्या मुलीचा मेसेज दिसतो, दोघं दुरावतात, सहा प्रकरणं ती कुढत राहते, मग सगळं उलगडतं आणि शेवट गोड होतो. हस्तलिखित वाचलेल्या मैत्रिणी म्हणतात, मधली रडारड काढून टाक. म्हणून तुम्हाला वाटतंय की ही घालमेल मुळात लागतेच का.

लागते. तिच्याशिवाय प्रेमकथा उभीच राहत नाही. पण तुमच्या मैत्रिणींचंही खरं आहे. मी पुण्यात प्रकाशकांकडे आलेली हस्तलिखितं वाचून अभिप्राय द्यायचं काम करते. त्यात प्रेमकथा भरपूर येतात आणि हा प्रकार मला मनापासून आवडतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

रहस्यकथेत खुनी कोण हे शेवटच्या पानापर्यंत दडवता येतं. प्रेमकथेत ती सोय नाही. पहिल्या प्रकरणातच वाचकाला कळलेलं असतं की हे दोघं एकत्र येणार. किंबहुना त्या खात्रीवरच तो पुस्तक हातात घेतो. मग चारशे पानं त्याला धरून ठेवायचं कशाने? एकत्र येण्यासाठी कुणाला काय सोडावं लागणार, कुणाला स्वतःबद्दलची कोणती समजूत मोडावी लागणार, या उत्सुकतेने. घालमेल असते ती एवढ्यासाठी. पामेला रेजिस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 2003 साली प्रेमकादंबरीच्या घडणीवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी अशा कादंबरीचे आठ आवश्यक घटक सांगितले आणि त्यातला एक म्हणजे दोघांचं मीलन आता अशक्यच आहे असं वाटायला लावणारा क्षण. त्या क्षणी काहीतरी मरतं. कधी कुणी खरोखर मरणाच्या दारात जातं, कधी एखादी आशा मरते. तो क्षण नसेल तर शेवटच्या गोडीला चव येत नाही, हे कुठलाही वाचक सांगेल.

(शोकांत प्रेमकथा मी इथे बाजूला ठेवते. विश्राम बेडेकरांची 1939 सालची 'रणांगण' ही माझ्या मते मराठीतल्या सर्वांत तीव्र प्रेमकथांपैकी एक. पण युरोपातून निघालेल्या बोटीवर भेटलेल्या चक्रधर आणि हॅर्टाला जगाने एकत्र येऊ द्यायचंच नाही असं ठरवलेलं आहे. तिथल्या वेदनेला उतारा नाही. तुमच्या कादंबरीत तो द्यायचा आहे, त्यामुळे हिशेब वेगळा.)

आता जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' घ्या, 1813 सालची. एकूण 61 प्रकरणं. नायक डार्सी नायिका एलिझाबेथला पहिल्यांदा लग्नाची मागणी घालतो ते चौतिसाव्या प्रकरणात, म्हणजे निम्मं पुस्तक नुकतंच ओलांडल्यावर. ती त्याला तोंडावर नकार देते. दुसऱ्या दिवशी तो एक लांब पत्र तिच्या हातात ठेवून निघून जातो. पुढची खरी घालमेल त्या पत्रापाशी आहे. ती ते वाचते, रागावते, घडी घालून ठेवते, अर्ध्या मिनिटात पुन्हा उघडते, एकेक वाक्य तपासते. आणि हळूहळू तिला पटत जातं की माणसं ओळखण्याचा जो तिला अभिमान होता तोच खोटा ठरला. तो आवडतो की नाही हा प्रश्न त्या वेळी मागे पडलेला असतो. तिला लाज वाटते ती स्वतःची. त्या प्रकरणानंतरची एलिझाबेथ आधीची राहत नाही.

हे तुमच्या सहा प्रकरणांशेजारी ठेवून बघा. तुमची नायिका पहिल्या प्रकरणात रडते ते नायकाने फसवलं म्हणून. सहाव्यातही त्याचसाठी, त्याच शब्दांत. मधे तिला नवं काही कळलेलं नाही, तिने काही ठरवलेलं नाही, काही गमावलेलं नाही. मैत्रिणी कंटाळल्या त्या या थांबून राहण्याला. रडणं त्यांनी सहन केलं असतं. शिवाय तो मेसेज कुणाचा होता, हे एका फोनने मिटण्यासारखं आहे आणि वाचकाला ते सतत दिसत असतं. एका वाक्यात सुटणारा गैरसमज लांबवला की वाचक पात्रांवर चिडतो.

मग गैरसमज काढून टाकायचा? माझ्या मते नको. त्याच्या मागे काय आहे ते शोधा. 'तो कुणाशी बोलतोय' असं विचारण्याऐवजी ती गप्प का बसली? तुमच्याच तिसऱ्या प्रकरणात एक ओळ आहे असं तुम्ही लिहिलंय: तिचे वडील दुसऱ्या शहरात वेगळा संसार करत होते आणि आईला ते सगळ्यात शेवटी कळलं. अहो, सोनं आहे हे, आणि तुम्ही ते एका ओळीत संपवलंय! विचारलं तर उत्तर मिळेल, आणि उत्तर मिळालं तर आईसारखं व्हावं लागेल, ही तिची भीती. असं झालं की तो मेसेज निमित्तमात्र उरतो. तिला तो हवा आहे, पण कुणावर विसंबून राहणारी बाई तिला कधीच व्हायचं नाही. या दोन्ही इच्छा खऱ्या आहेत आणि एकीला हात घातला की दुसरी निसटते. अशी कोंडी असली की घालमेल आपोआप पुढे सरकते, कारण प्रत्येक प्रसंगात तिला काहीतरी निवडावं लागतं.

निवडीची किंमतही दिसू द्या. 'जेन एअर'मध्ये (1847) नायिका जेन आणि रॉचेस्टर लग्नाच्या वेदीपाशी उभे असताना कळतं की त्याची पहिली बायको जिवंत आहे. तो गयावया करतो, जेनचं त्याच्यावर प्रेम आहे, तरी ती पहाटे घर सोडते. शार्लट ब्राँटे तिला नुसतं दुःखी करून थांबत नाही. हातातले सगळे पैसे गाडीभाड्यात जातात, बरोबरचं छोटं बोचकं ती गाडीतच विसरते आणि पुढे अक्षरशः उपाशी फिरते. स्वाभिमान राखायला काय मोजावं लागलं ते पोटापर्यंत पोचतं.

आता तीव्रतेबद्दल. नवे लेखक एक गोष्ट हमखास करतात: भावना मोठी म्हणून वाक्यं मोठी. काळजाचे तुकडे, डोळ्यांतून वाहणारा पूर, रात्रभर भिजलेली उशी. जेन ऑस्टिनच्याच 'पर्स्वेजन'मध्ये याच्या उलट काय होतं ते बघा. नायिका ॲन सत्तावीस वर्षांची आहे. आठ वर्षांपूर्वी, लोकांच्या सल्ल्यावरून, तिने वेंटवर्थशी ठरलेलं लग्न मोडलं होतं. तो आता नौदलात नाव आणि पैसा कमावून परतलाय आणि तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो. एका प्रसंगात ती आजारी भाच्यापाशी गुडघे टेकून बसलेली असते. दोन वर्षांचा धाकटा भाचा मागून पाठीवर चढतो आणि काही केल्या उतरत नाही. खोलीत आणखीही एक गृहस्थ असतात, ते मुलाला नुसते दटावतात. अचानक पाठीवरचं ओझं हलकं होतं. कुणीतरी मुलाचे गळ्याभोवतीचे हात सोडवून त्याला उचलून नेलंय. ते वेंटवर्थने केलं हे तिला नंतर कळतं, आणि तिच्या तोंडून आभाराचा शब्दसुद्धा फुटत नाही. तोही मुद्दाम मुलाशी मोठमोठ्याने खेळत राहतो, म्हणजे तिला आभार मानायची संधी मिळू नये. एवढंच. जेमतेम पानभर. मी हा प्रसंग कितीदा वाचला असेल, दर वेळी घशाशी काहीतरी येतं.

पुण्यातल्या घरांत तर अशा दबलेल्या प्रसंगांची खाण आहे. आपल्याकडे प्रेमातली माणसं एकटी नसतातच. वन बीएचकेमध्ये रडायचं झालं तर बाथरूमचा नळ सोडावा लागतो आणि तरी आई बाहेरून विचारते, 'एवढं पाणी कशाला गं?' निवांत भांडायला जागा नाही म्हणून जोडपी झेड ब्रिजवर दुचाकी लावून, रस्त्याकडे पाठ करून बसतात. तिथे भांडतानाही आवाज चढवता येत नाही, कारण हातभरावर दुसरं जोडपं. तुमच्या नायिकेची आई पोळी-भाजी केंद्र चालवते ना? मग नायक बंगळूरच्या नोकरीचं सांगायला ऐन संध्याकाळी, डबे भरायच्या वेळी येऊ दे.

'जॉइन कधी करायचंय?'
'एक तारखेला. तू काहीच बोलत नाहीयेस.'
'छान आहे की. काकूंना सांगितलंस? त्या डब्यात चार पोळ्या घाल, पाच नको.'

तिला काय वाटतंय ते लिहू नका. वाचक त्या पोळ्यांच्या हिशेबावरून ओळखेल.

एका बाबतीत मात्र मी अजिबात तडजोड करणार नाही. नायकाचा दुष्टपणा घालमेल म्हणून खपवू नका. इंग्रजीतल्या लोकप्रिय प्रेमकादंबरीला 1972 सालच्या 'द फ्लेम अँड द फ्लॉवर'ने नवं वळण दिलं असं मानतात, आणि त्यात नायक नायिकेवर बलात्कार करतो, तरी तोच नायक राहतो. आपल्याकडच्या हस्तलिखितांतही पाठलाग करणारा, तिचा फोन तपासणारा, रागात हात उगारणारा आणि नंतर 'माझं प्रेमच तसं आहे' म्हणणारा नायक अजून येतो. वाचणाऱ्या एखाद्या मुलीच्या घरात असा माणूस खराच असू शकतो. तिला आपण तो त्रास प्रेमाचं लक्षण म्हणून विकत असतो. मी अशा हस्तलिखितावर स्पष्ट नकार लिहिते.

राहिली भरपाई, आणि माझ्या मते तुमच्या मसुद्यात खरी कमी इथे आहे. दुरावा सहा प्रकरणं, आणि समेट? पाऊस, मिठी, दोन पानं. जेवढं मोडलं तेवढं जोडायला हवं. डार्सी काय करतो आठवा: एलिझाबेथची धाकटी बहीण एका लफंग्याबरोबर पळून जाते, तेव्हा तो लंडनला जाऊन त्यांना शोधतो, पैसे भरून त्यांचं लग्न लावून देतो आणि ही गोष्ट तिच्यापासून लपवायला सांगतो. तिला ती दुसऱ्यांकडून कळते. त्याच्या बदलाचा पुरावा म्हणून त्याला एक शब्द बोलावा लागत नाही. तुमच्या नायकाने काय करावं हे मी सांगू शकत नाही, पण ते तिच्या त्या जुन्या भीतीला उत्तर असलं पाहिजे. नुसता मेसेजचा खुलासा पुरणार नाही.

किती, याला आकडा नाही. दोन जड प्रसंगांमध्ये एखादा हलका ठेवा: आत्याचा स्वयंपाकघरातला हुकूमशाही कारभार, गणपतीतली ढोल-ताशाची प्रॅक्टिस, काहीही. सतत ताणलेला वाचक बधिर होतो आणि मग खऱ्या जागी हलत नाही. सहातली तीन प्रकरणं नक्की जातील असा माझा अंदाज आहे. कुठली ते ठरवताना प्रत्येकाच्या शेवटी विचारा: हिने इथे काय ठरवलं? उत्तर नसेल तर ते प्रकरण काढा.

आणि त्या तीन प्रकरणांच्या जागी एक त्याच्या बाजूने लिहून बघा. ती बोलायची थांबली, का ते त्याला माहीत नाही, तो रोज तिच्या सोसायटीच्या गेटपर्यंत येऊन परत जातो. सध्या तुमच्या पुस्तकात त्रास एकटीलाच होतोय.