उन्हाळ्यातलं विणकाम : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

यंदा आलेल्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी घामेजलेले हात किंवा सुती धागा आहे. म्हणून त्या दोहोंना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : स्वेटरची पाठ थंडीत विणून झाली होती. आता पुढचा भाग त्याच लोकरीने, त्याच ८ नंबरच्या सुयांवर, तेवढेच टाके घालून विणतेय, तरी तो अरुंद होतोय. हाताला घाम येतो आणि टाके सुईवर अडकतात. काय चुकतंय?

तुमचे टाके बरोबर आहेत, पण वीण घट्ट झाली आहे. ओलसर बोटावरून धागा सहज सरकत नाही, त्यामुळे प्रत्येक टाक्याला नेहमीपेक्षा कमी धागा मिळतो. टाके सुईवर चिकटायला लागले की आपण नकळत टोकाशीच विणू लागतो. टोक निमुळतं असतं, म्हणून तिथे पडलेला टाका सुईच्या पूर्ण जाडीचा होत नाही. एकेका टाक्यात हे जाणवत नाही. पण १० सेंमीमध्ये २२ टाके बसत होते तिथे २४ बसू लागले, तर ९९ टाक्यांची पाठ ४५ सेंमी भरते आणि पुढचा भाग सव्वाएक्केचाळीस. पावणेचार सेंमीचा हा फरक शिवताना ओढून भरून निघत नाही. घट्ट झालेला भाग उसवा.

पुन्हा सुरू करताना आठ-दहा ओळी विणून झाल्या की काम टेबलावर सपाट ठेवा आणि कडेचे तीन-चार टाके सोडून मधल्या १० सेंमीमधले टाके मोजा. दोन टाके जास्त भरले तर ७ नंबरची सुई घ्या. ८ नंबर म्हणजे ४ मिमी आणि ७ नंबर म्हणजे साडेचार. नंबर उतरतो तशी जाडी वाढते. धागा करंगळीला दोन वेढे देऊन धरत असाल तर एकच द्या.

लोकरीसाठी या दिवसांत गुळगुळीत धातूच्या सुया बऱ्या. बांबू ओलावा शोषतो आणि टाके धरून ठेवतो. थंड पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करा, मांडीवर सुती रुमाल ठेवा आणि दर दोन-तीन ओळींनी हाताबरोबर सुईही पुसा. हाताला पावडर लावण्याचा सल्ला बरेच जण देतात, आम्ही देणार नाही. ती धाग्यात शिरते, गडद रंगावर पांढुरकी दिसते आणि घामाने भिजली की हात आणखी चिकट होतात.

प्रश्न : लोकरीसाठी लिहिलेला नमुना सुती धाग्यात विणला. समोरून आडव्या पट्ट्या दिसतात, धुतल्यावर टॉप लांबला आणि खालची बॉर्डर सैल पडली. सुती धागाच वाईट निघाला का?

धाग्याला दोष देऊ नका. लोकरीच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो, त्यामुळे ती ताणली तरी परत आक्रसते आणि हातातले लहानसहान फरक झाकून टाकते. सुताला ही लवचीकता नाही, त्यामुळे जसा टाका पडेल तसाच तो दिसतो.

आधी पट्ट्यांचं बघू. बहुतेकांच्या हातून उलट टाका सुलट टाक्यापेक्षा थोडा सैल पडतो. काम उलटं करून पाहा. मागच्या आडव्या रेघा सारख्या अंतरावर न दिसता दोन-दोनच्या जोड्यांनी जवळ आल्या असतील आणि मध्ये खाच पडली असेल, तर कारण हेच. उपाय सोपा आहे. जोडीतली एक सुई ८ नंबरची आणि दुसरी ९ नंबरची, म्हणजे पावणेचार मिमीची घ्या. टाक्याचं माप उजव्या हातातल्या सुईवर ठरतं. सुलट ओळ विणताना जाड सुई उजव्या हातात ठेवा. काम फिरवलं की बारीक सुई आपोआप उजवीकडे येते आणि उलट ओळ तिच्यावर विणली जाते. काम मध्येच सोडून पुन्हा हाती घेताना मात्र उजवीकडे कोणती सुई आहे ते बघून घ्या.

लांबीचं कारण वजन. सुती कपडा जड असतो आणि स्वतःच्या भाराने खाली ओढला जातो. सुती काम नमुन्याचा तुकडा विणल्याशिवाय सुरू करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. साधारण १५ सेंमीचा चौकोन विणा, कपडा जसा धुणार तसाच धुवा आणि वाळवा. मग वरची कड अडकवून, खालच्या कडेला कपडे वाळत घालायचे चार चिमटे लावून तो रात्रभर लटकत ठेवा आणि लटकलेल्या अवस्थेतच मोजा. सपाट ठेवल्यावर १० सेंमीत २८ ओळी भरत होत्या आणि लटकल्यावर २६ भरल्या, तर ५० सेंमी लांबीसाठी १४० नव्हे, १३० ओळी विणायच्या. लटकल्यावर रुंदीही थोडी कमी होते, टाक्यांचा हिशेब त्या मापाने करा.

बॉर्डर मुख्य सुईपेक्षा दोन नंबर बारीक, म्हणजे १० नंबरच्या सुईवर विणा आणि तिच्यातले सुलट टाके मागच्या बाजूने सुई घालून विणा. पीळ बसल्याने बॉर्डर जास्त धरून राहते. लोकरीइतकी नाही, पण आकार टिकतो.

धागा वजनावर न घेता मीटरवर घ्या. नमुन्यात ५० ग्रॅमला ११० मीटरचे ८ गुंडे सांगितले असतील तर गरज ८८० मीटरची आहे. तुमच्या सुती गुंड्यात ५० ग्रॅमला ८५ मीटरच असेल तर ११ गुंडे लागतील. सगळे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घ्या. नवा गुंडा ओळीच्या सुरुवातीलाच जोडा आणि १० सेंमी टोक सोडा. ते मागून एका दिशेने आणि मग उलट दिशेने ओवून घ्या. गाठ मारली तर ती पुढे डोकावते, आणि एकाच दिशेने ओवलेलं सुती टोक धुण्यात निसटतं.

प्रश्न : ब्लँकेट विणायला घेतलंय, पण मांडीवर ठेवलं की असह्य उकडतं. थंडीपर्यंत थांबू का?

थांबायची गरज नाही, फक्त तुकड्यांत विणा. २० सेंमीचे ३० चौकोन जोडले की १०० बाय १२० सेंमीचं ब्लँकेट होतं, आणि एका वेळी हातात एकच चौकोन राहतो. प्रत्येकाला ३० सेंमी टोक ठेवा, जोडायला तेच वापरता येतं. सुरू झालेलं अखंड काम असेल तर ते लांब गोल सुईवर (दोन टोकं लवचीक तारेने जोडलेली सुई) घ्या आणि भार मांडीऐवजी टेबलावर टाका. स्वेटर असेल तर आता बाह्या विणा.

प्रश्न : विणताना बोटांना खाज येते आणि पांढरा धागा करडा होतो.

करडेपणा बहुधा लेप उडालेल्या ॲल्युमिनियमच्या सुयांचा. ओल्या पांढऱ्या कापडाने सुई पुसा. कापड काळवंडलं तर त्या सुया फिकट धाग्यासाठी बाजूला ठेवा. खाजेचं एक कारण सुईवरचा निकेलचा मुलामा असू शकतं, कारण घामामुळे निकेल त्वचेपर्यंत पोचतं. बांबूच्या किंवा लाकडी सुयांवर विणून पाहा. तरीही पुरळ राहिलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : अर्धवट काम चार महिने ठेवायचं आहे. डांबराच्या गोळ्या टाकू का?

त्या न टाकलेल्याच बऱ्या. त्यांची वाफ श्वासाला घातक असते, आणि लहान बाळाचा कपडा असेल तर मुळीच नको. कसर लागते ती खऱ्या लोकरीला, ॲक्रिलिकला सहसा नाही. घामाचे आणि अन्नाचे डाग असतील तिथे कसरीच्या अळ्या आधी पोचतात, म्हणून लोकरीचं काम हलक्या हाताने धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा. ओल राहिली तर बुरशी धरेल.

त्याआधी टाके सुईवरून काढून जाड सुईने गुळगुळीत सुती दोऱ्यावर ओवून घ्या. महिनोन्महिने सुईवर राहिलेली ओळ ताणली जाते आणि तिची रेघ कायम दिसते. पिशवीत एक चिठ्ठी टाका : सुयांचा नंबर, १० सेंमीमधले टाके, कितवी ओळ झाली आणि पुढची सुलट की उलट. पुन्हा काम हाती घेतल्यावर शेवटची एक ओळ उसवून मग पुढे विणा.