वाचकांचे प्रश्न : सिगारेट सोडण्याच्या अभ्यासात नाव द्यावे का?

प्रश्न : माझे वय ४४ असून समुद्रपूर तालुक्यात माझी कापसाची शेती आहे. कॉलेजात असल्यापासून सिगारेट ओढतो. सध्या दिवसाला दहा-बारा होतात. मागच्या महिन्यात एका वैद्यकीय महाविद्यालयाचे पथक गावात आले होते. सिगारेट सोडू इच्छिणाऱ्यांचा सहा महिने अभ्यास करायचा आहे, काहींना औषध मिळेल व काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी मिळेल, असे त्यांनी ग्रामपंचायतीत सांगितले. माझी नाव देण्याची तयारी आहे, परंतु “डॉक्टरांना शिकायला तुमचाच जीव सापडला का,” असे सौभाग्यवती म्हणतात. शिवाय मधेच पुन्हा ओढली तर कोणत्या तोंडाने त्यांच्यासमोर जावे, हीही धास्ती आहे.

उत्तर : सौभाग्यवतींची शंका रास्त आहे. ती मिटवण्याचे काम मात्र अभ्यास करणाऱ्यांचे आहे. औषधाच्या अशा चाचणीची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत करणे १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे. तो नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. मुलाच्या मोबाइलवर ती नोंद कोणालाही फुकट पाहता येते. चाचणीला नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते आणि त्या समितीत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार व एक सामान्य नागरिकही असावा लागतो. चाचणीमुळे प्रकृतीला अपाय झाल्यास मोफत उपचार व भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. तपासणीसाठी जाण्या-येण्याचे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी मिळेल का, हेही आधीच विचारावे. त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

आता मुख्य मुद्दा. अभ्यास म्हणजे उपचार नव्हे. आपल्या वाट्याला कोणती गोळी येणार हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते आणि बहुधा ती देणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नसते. केवळ सिगारेट सुटावी एवढीच इच्छा असेल तर त्यासाठी कोणत्याही अभ्यासाची वाट पाहण्याचे कारण नाही : २ मिलिग्रॅमची निकोटीनची चघळण्याची गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते आणि १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मोफत मिळते. आपल्या अनुभवाचा इतरांनाही उपयोग व्हावा असे मनापासून वाटत असेल, तरच नाव द्यावे.

“डॉक्टरांना शिकायला” या टोमण्यावरून एक गोष्ट घरी अवश्य सांगावी. धूम्रपानावरील सर्वांत गाजलेला अभ्यास डॉक्टरांनी डॉक्टरांवरच केला. १९५१ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांना त्यांच्या सवयींबद्दल प्रश्नावली पाठवण्यात आली आणि उत्तरे देणाऱ्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा पुढे पन्नास वर्षे मागोवा घेतला गेला. वयाच्या चाळिशीच्या सुमारास सिगारेट सोडल्यास आयुष्याची सुमारे ९ वर्षे वाचतात, पन्नाशीत सोडल्यास ६ आणि साठीत सोडल्यास ३, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे त्यांच्याच उत्तरांतून मिळालेले आहेत. आपण चव्वेचाळिशीत आहात.

पुन्हा ओढली तर? तर तसे सांगावे, आणि ठरल्या तारखेला जावेच. अशा अभ्यासांत यायचे बंद झालेला माणूस सिगारेट ओढतोच आहे असे धरून हिशेब केला जातो. म्हणजे लाजेपोटी घरी बसलेल्याने सिगारेट खरोखर सोडलेली असली तरी त्याची गणना न सोडणाऱ्यांतच होते. लपवून तसाही उपयोग नसतो. पंधरा सेकंद श्वास रोखून एका पुठ्ठ्याच्या नळीतून हळूहळू फुंकायला सांगतात आणि हातात मावणाऱ्या यंत्रावर श्वासातील कार्बन मोनॉक्साइडचा आकडा उमटतो. आपल्याकडील एक अडचण शहरातल्या संशोधकाच्या ध्यानात येईलच असे नाही : सकाळी चुलीपाशी बसून किंवा धुऱ्यावर पऱ्हाटी जाळून तपासणीला गेल्यास तो आकडा सिगारेट न ओढताही वाढू शकतो. अशा वेळी तसे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर खरे बोलूनही खोटे पडण्याची पाळी यायची.

प्रश्न : माझे वडील बिडी ओढतात. आमच्या अर्जुनी मोरगाव भागातून तपासणीसाठी एका दवाखान्यात नेले असता तिथे “अभ्यासासाठी” म्हणून एका कागदावर त्यांचा अंगठा घेण्यात आला. त्यांना वाचता येत नाही, आणि कोणी वाचूनही दाखवले नाही. आता काय करावे?

उत्तर : झाला प्रकार गैर आहे. वाचता न येणाऱ्या माणसाची संमती घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला एक साक्षीदार सुरुवातीपासून हजर असावा लागतो. त्याच्यासमोर सगळा मजकूर समजेल अशा भाषेत सांगावा लागतो आणि त्यानेही सही करावी लागते. संमतीपत्राची प्रत मिळणे हा वडिलांचा हक्क आहे, ती मागावी. तिच्यावर नीतिमत्ता समितीचा संपर्क दिलेला असतो, तिथे लेखी तक्रार करावी. वडिलांना भाग घ्यायचा नसेल तर कारण न देता कधीही बाहेर पडता येते आणि तेवढ्यावरून त्यांचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत.

प्रश्न : सिगारेट सोडून मला वर्ष झाले, पण खर्रा सुरू आहे. सिगारेट सोडलेल्यांच्या अभ्यासात मला घेतील का?

उत्तर : खर्ऱ्याचे आधी सांगितलेत तर बहुधा घेणार नाहीत. न सांगता गेलात तर श्वासाचे यंत्र काही बोलणार नाही, पण लघवीच्या तपासणीत निकोटीनपासून शरीरात तयार होणारे कोटिनिन सापडेल आणि ते खर्ऱ्याचे की सिगारेटचे, हे त्या तपासणीला सांगता येत नाही. खर्रा, तंबाखू सोडवण्यासाठीचे अभ्यास वेगळे असतात, त्यांत विचारावे. वर दिलेला मोफत क्रमांक खर्रा खाणाऱ्यांसाठीही आहे.