ओएई पास, बेरा सपाट: दोन्ही बरोबर असू शकतात

तुमच्या बाळाची जन्मानंतर ओएई (कानातला प्रतिध्वनी टिपणारी श्रवणचाचणी) ‘पास’, सातव्या महिन्यात दोन्ही कानांची बेरा (आवाजाला नस आणि मेंदू देतात तो विद्युत प्रतिसाद नोंदवणारी चाचणी) सपाट, आणि आता जीन रिपोर्टमध्ये ओटीओएफ या जीनचे दोन बदल. कोणती चाचणी चुकली, असं तुम्ही विचारलंय. बहुधा एकही नाही.

ओएई फक्त आतल्या कानातल्या ‘बाहेरच्या केशपेशी’ (केसांसारखे तंतू असलेल्या ऐकण्याच्या पेशी) तपासते. आवाज पडला की त्या थरथरतात, त्याचा बारीक प्रतिध्वनी कानातला माइक टिपतो. पण मेंदूकडे संदेश जातो तो आतल्या केशपेशींतून. त्यांच्यात ग्लुटामेट या निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या बारीक पिशव्या असतात. कॅल्शियम आत शिरलं की त्या चेतातंतूवर रित्या करायचं काम ओटोफर्लिनचं, म्हणजे ओटीओएफ जीनपासून बनणाऱ्या प्रथिनाचं. ते नसलं की पेशी धड, नस धड, निरोप मात्र मधेच अडकतो.

बेराचा मूळ आलेख मागून घ्या. क्लिक (चाचणीतले टिकटिक आवाज) दोन्ही ध्रुवतांनी (हवेचा दाब आधी वाढवणारे, आधी कमी करणारे) वेगवेगळे दिलेत का, ते बघा. सुरुवातीच्या लाटा ध्रुवता बदलताच उलट्या होत असतील, तर तो कॉक्लिअर मायक्रोफोनिक, म्हणजे नसेचा नव्हे, केशपेशींचा विद्युत संकेत; त्या चालू असल्याची खूण. आलटूनपालटून क्लिक दिले तर तो स्वतःच खोडला जातो, म्हणून कित्येकदा दिसतच नाही. खात्रीसाठी इअरफोनची नळी चिमटून पुन्हा नोंद करायची: लाट तरीही राहिली, तर ती यंत्राची.

रिपोर्टमधले दोन्ही बदल एकाच पालकाकडून आले असतील, तर दुसऱ्या पालकाकडची प्रत धड असते, म्हणून बाळ नुसतं वाहक ठरतं आणि कारण दुसरीकडे शोधावं लागतं. म्हणून आईवडील दोघांची सँगर तपासणी (नेमके तेच बदल शोधणारी जीन तपासणी) करा. रिपोर्टमध्ये एखाद्या बदलापुढे ‘व्हीयूएस’ लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ ‘अर्थ अजून ठरलेला नाही’. त्यावर निदान टेकवू नका.

एमआरआय टाळू नका. श्रवणाची नसच नसेल किंवा अगदी बारीक असेल, तरी ओएई-बेराचं चित्र हेच दिसतं, आणि तिथे कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राचा) भरवसा कमी. नस नीट असेल तर ओटीओएफमध्ये कॉक्लिअर इम्प्लांट सहसा चांगलं काम करतं, कारण इलेक्ट्रोड अडकलेला टप्पा ओलांडून थेट नसेला चेतवतात. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, टप्पा जोडत नाही. चाचणीपुरतं लावा, पण त्यात वर्ष घालवू नका.

जीन थेरपीबद्दलही विचारलंत. शांघायच्या चाचणीत 6 पैकी 5 मुलांचं ऐकणं सुधारल्याचं 2024 मध्ये छापून आलं. हे जीन पेशीत पोचवायला वापरतात त्या एका एएव्ही विषाणूत मावत नाही, दोन तुकड्यांत द्यावं लागतं.

दोन्ही पालक वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात धोका 25 टक्के. पुढच्या बाळाची नुसती ओएई करून घरी येऊ नका, बेराच करा.