युद्धात लढलेल्या सैनिकाचं मूल म्हणून वाढणं कसं असतं?

बाहेरून रुबाब दिसतो, घरात मात्र सवयी सांभाळाव्या लागतात. आमचे आण्णा १९७१ च्या युद्धात शकरगढ भागात होते. तिथे बसंतर नदीच्या आजूबाजूला पाकिस्तानने भूसुरुंग पेरलेले. पुढे रावेरला येऊन केळी लावली, तरी ताज्या उकरलेल्या मातीवर ते पाय देत नसत. बांधावरून वळसा घेत, आम्हालाही घ्यायला लावत. दिवाळीत सुतळी बॉम्ब बंद, फुलबाज्या चालत. झोपेतून उठवायचं तर पायाशी उभं राहून हाक मारायची, अंगाला हात लावायचा नाही, हे आईने फार लवकर शिकवलं. शौर्यकथा? त्या पारावरची मंडळी सांगायची, निम्म्या थापाच. आण्णांना विचारलं की ते केळीच्या भावावर यायचे.