वावरातले लेआउट आणि बंद रस्ते

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावाभोवतीच्या वावरांत लेआउट पडत आहेत. शेजारच्या लेआउटमधली शाळा भिंतीपलीकडे दिसते, पण मुलांना हमरस्त्यावरून मोठा वळसा घालावा लागतो. असे का होते? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : गाव वाढते ते एकेका शेताने. प्रत्येक मालक आपल्या सर्व्हे नंबरापुरते रस्ते आखतो आणि ते धुऱ्यापाशी संपतात; शेजारचे वावर दहा वर्षांनी विकले जाते, तेव्हा त्याचे रस्ते याला जुळत नाहीत. अभ्यासक हे चौकांवरून मोजतात. चौरस्त्याला चार वाटा फुटतात, तिठ्याला तीन, बंद गल्लीच्या टोकाला एकच. दर चौकामागे वाटांची सरासरी जितकी खाली, तितके पायी चालणे अवघड आणि मोटारसायकलवरचे अवलंबन जास्त.

घर पाडून पुन्हा बांधता येते, रस्त्याचे तसे नसते. लंडन १६६६ च्या आगीत जळाले, नवे आराखडे तयार झाले, तरी शहर बहुतांशी जुन्याच रस्त्यांवर उभे राहिले, कारण जागांची मालकी विखुरलेली होती. उलट बार्सिलोनाने १८५९ मध्येच विस्ताराची चौकट आखून ठेवली, घरे नंतर आली.

आपल्याकडे पांदण रस्ते, म्हणजे वावरांमधून जाणाऱ्या जुन्या वाटा, ही अशीच आयती चौकट आहे, आणि ती लेआउटखाली बुजताना पाहून मला फार वाईट वाटते. म्हणून आपल्या पांदणीची नोंद गावनकाशावर तपासावी आणि नव्या लेआउटला मंजुरी मिळण्यापूर्वीच, शेजारच्या रस्त्याला जोड ठेवावी, अशी लेखी मागणी करावी.