वाचकांचे प्रश्न : जुने ड्रायव्हर, नवे कर्णे

प्रश्न : एका बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या सामानातून मला अल्टेक कंपनीच्या २८८ मालिकेतील १६ ओहमच्या ड्रायव्हरची (कर्ण्याच्या मागे बसून विजेच्या संकेताचा आवाज करणाऱ्या भागाची) जोडी मिळाली, कर्णे मात्र मिळाले नाहीत. १२ बाय १४ फुटांच्या दिवाणखान्यात शास्त्रीय संगीत ऐकण्यासाठी यांच्यावर स्पीकर बांधावेत, की हे विकून नवे ड्रायव्हर घ्यावेत?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : विकण्याची घाई करू नये, पण नावाला भुलूनही जाऊ नये. प्रथम दोन्ही ड्रायव्हरचा रोध मल्टिमीटरने मोजावा आणि मग अगदी कमी आवाजात दोन्हींचा प्रतिसाद मायक्रोफोनने ताडून पाहावा. दोघांत फरक आढळल्यास दोष बहुधा डायफ्रॅमचा, म्हणजे आतल्या कंप पावणाऱ्या पातळ पडद्याचा असतो आणि तो बदलता येतो. चुंबकाची जोडणी मात्र कोणालाही उघडू देऊ नये, कारण अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकाचे चुंबकीय मंडल तुटले की चुंबकाची शक्ती घटते. चाचणीच्या वेळी ड्रायव्हरला मालिकेत सुमारे ३० मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर अवश्य जोडावा. कारण अॅम्प्लिफायर सुरू करताना बसणारा एखादा धक्काही नाजूक डायफ्रॅमला पुरेसा ठरतो.

माझ्या मते ध्वनीचे स्वरूप ड्रायव्हरपेक्षा कर्ण्यावर अधिक ठरते. कर्ण्याची खालची मर्यादा ३०० हर्ट्झ धरली, तर त्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ११५ सेंटिमीटर येते, आणि मुखाचा परीघ साधारण तेवढा ठेवायचा म्हणजे व्यास ३६-३७ सेंटिमीटर होतो. हा कर्णा ८०० हर्ट्झपासून वर वापरावा. खाली १५ इंची वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) लावल्यास दोहोंच्या केंद्रांतील अंतर ३८ ते ४० सेंटिमीटर राहते, म्हणजे ८०० हर्ट्झच्या ४३ सेंटिमीटर तरंगलांबीच्या आत; त्यामुळे आठ-दहा फुटांवर बसणाऱ्यालाही गायकाचा आवाज दोन तुकड्यांत ऐकू येत नाही. चित्रपटगृहातील मोठे बहुकोशी (अनेक छोट्या कर्ण्यांचे कप्पे जोडलेले) कर्णे दिसायला भारदस्त असतात, पण आपल्या खोलीत ते कानाच्या फार जवळ येतील.

२८८ चा घसा, म्हणजे आवाज कर्ण्यात जाण्याचे तोंड, १.४ इंची आहे आणि आजचे अनेक ड्रायव्हरही त्याच मापात मिळतात. म्हणून कर्णा त्याच मापाचा करून ड्रायव्हर वेगळ्या पट्टीवर बसवावा, म्हणजे पुढे टायटॅनियम किंवा पॉलिमरच्या डायफ्रॅमचा नवा ड्रायव्हर लावून दोन्ही ऐकता येतील. मात्र बोल्टची जागा आणि घशाच्या तोंडाचा कोन जुळतो का, हे आधी पाहावे.

संवेदनशीलतेचा, म्हणजे तेवढ्याच शक्तीत किती मोठा आवाज निघतो याचा प्रश्न अनेकांच्या लक्षात येत नाही. कर्ण्यावरचा ड्रायव्हर १ वॅटला १ मीटरवर सुमारे १०८ डेसिबल देत असेल आणि वूफर ९६, तर कर्ण्याला वूफरच्या सोळाव्या हिश्श्याइतकीच शक्ती लागते. ही पातळी केवळ अॅम्प्लिफायरच्या आधी ध्वनिसंकेत विभागणाऱ्या डिजिटल प्रोसेसरमध्ये कमी केली, तर अॅम्प्लिफायरची सूं-सूं तशीच मोठी राहते आणि तंबोऱ्याच्या संथ सुरातही ती खटकते. त्यासाठी अॅम्प्लिफायर व ड्रायव्हर यांच्यामध्ये पातळी कमी करणारे रोधकांचे पॅड बसवावे. ड्रायव्हर आणि वूफर मागेपुढे असल्याने त्यांच्या आवाजात पडणारा वेळेचा फरक प्रोसेसरमध्ये भरून काढावा. ३४ सेंटिमीटर अंतराला साधारण १ मिलिसेकंद.

लाकडाबाबत एवढेच सुचवितो की, भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये सागवानाचा अखंड ओंडका मोहात पाडील, परंतु पुण्याच्या पावसाळ्यात तो फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. चांगल्या प्लायवूडच्या कड्या एकावर एक चिकटवून लेथवर कर्णा कातून घ्यावा. वूफरची पेटीही १८ मिलिमीटर प्लायचीच आणि आतून आडव्या पट्ट्यांनी बांधलेली असावी.